वायरमन किती वाजता आला?

नळीत पाणी भरलेलं आहे. दाबाने ती काठीसारखी ताठ झालीय, जोडाच्या कडेने थेंब गळताहेत. अग्निशमन दलाचा जवान नोझल हातात घेऊन उभा आहे, पण नोझल बंद. समोर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून धूर येतोय आणि खिडकीपासून हातभर अंतरावरून विजेच्या तारा गेल्यात. मागून मोबाइल धरलेल्या माणसाचा आवाज येतो, ‘अरे, बघत काय उभे राहिलात? पाणी मारा ना!’ अशा चित्रफिती अधूनमधून फिरत येतात आणि त्यांच्याखाली ठरलेला वाद रंगतो. एक बाजू म्हणते, हे लोक घाबरट, मग पगार कशाचा घेतात? दुसरी म्हणते, बिचाऱ्यांना आधी रबरी हातमोजे आणि बूट तरी द्या, मग बोला. भांडण तावातावाचं असतं, पण दोन्ही बाजूंची नजर जवानावरच खिळलेली. एकीला त्याच्या अंगात धाडस कमी दिसतं, दुसरीला त्याच्या अंगावर साधनं कमी दिसतात.

मला वाटतं, हा वाद चुकीच्या माणसाभोवती चाललाय. विजेच्या ठिकाणी जवान सुखरूप राहणार की नाही, हे त्याच्या छातीवरून ठरत नाही आणि हातमोज्यावरूनही ठरत नाही. वीज तोडण्याचा अधिकार आणि ती तुटल्याची खात्री देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, तो माणूस तिथे किती वेळात पोहोचतो, यावर ते ठरतं. बंबाचा हिशेब आपण मिनिटांत ठेवतो. वर्दी कधी मिळाली, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, उशीर झाला तर जाब कुणाला विचारायचा, सगळं ठरलेलं असतं. वायरमनला फोन कधी गेला आणि तो किती वाजता आला, हे कुणी विचारतं का?

आधी धाडसाचं बघू. आगीशी झुंजणाऱ्या माणसाचं धाडस आंधळं नसतं. जुनाजाणता जवान दाराला हाताची पाठ लावून पलीकडची धग जोखतो, धुराचा रंग आणि वेग बघतो, छत कुरकुरतंय का ते ऐकतो. दाराच्या फटीतून हवा आत ओढली जाताना दिसली, तर ते दार उघडायची घाई करत नाही. आग सतत काहीतरी सांगत असते आणि तो ते ऐकून पाऊल टाकतो. वीज काही सांगत नाही. चालू तार आणि बंद तार दिसायला सारखीच. रस्त्यावर पडलेली तार ठिणग्या टाकत नाही, हलत नाही, म्हणून बंद असेल असं कुणालाही वाटेल. पण अनेक वितरण वाहिन्यांवर रिक्लोजर नावाचा स्विच असतो. बिघाड तात्पुरता आहे की कायमचा, हे बघायला तो काही सेकंदांनी आपोआप वीज परत सोडतो, तीही एकदाच नव्हे. शेजारी कुणी जनरेटर लावला आणि तो बाहेरच्या लाइनपासून नीट तोडलेला नसला, तर घरातला 230 व्होल्टचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून पलीकडे हजारो व्होल्टचा होतो. उच्चदाबाची तार जमिनीला टेकली की भोवतालच्या मातीतच व्होल्टेज पसरतं. तारेजवळ ते जास्त असतं, लांब जावं तसं कमी. एक पाय इथे आणि दुसरा हातभर पुढे, एवढ्या फरकावर करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. म्हणूनच निदान 10 मीटर लांब राहा, आणि त्या पट्ट्यात सापडलातच तर पाय न उचलता, एकमेकांना चिकटवून सरकत बाहेर या, असं शिकवतात. इथे शौर्य कामाला कुठे आणायचं? मातीला छाती दाखवायची?

आणि यासाठी फार करंट लागतो असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झील यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे मोजलं. पुरुषांमध्ये सरासरी 16 मिलिअँपिअरच्या आसपास पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब 230 व्होल्टवर याच्या पंचवीसपटीहून जास्त करंट घेतो. ‘हात चिकटला’ असं आपण म्हणतो, पण चिकटत काहीच नाही. हाताचे स्नायूच मिटून बसतात आणि उघडायचं ऐकत नाहीत. शूराचेही, भित्र्याचेही.

साधनांचा आग्रह धरणारे लोक जास्त समजूतदार आहेत आणि त्यांच्याशी माझं भांडण अर्धंच आहे. साधनं हवीतच. पण कुठली, हे विचारलं की उत्तर घसरायला लागतं. अंगावरचा फायर सूट उष्णतेसाठी बनवलेला असतो. कामाला लागल्यावर तो आतून घामाने आणि बाहेरून पाण्याने भिजतो, वर काजळीचा थर. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेने 2011 मध्ये सौर पॅनेल आणि जवानांची सुरक्षा यावर प्रयोग केले. त्यात स्पष्ट म्हटलंय की जवानाचे बूट आणि हातमोजे कोरडे व अभंग असतील तोवर थोडंफार संरक्षण देतात, पण विजेच्या कामाची साधनं म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. बरं, मग लाइनमन वापरतात ते रबरी मोजे द्या. ते कसे वापरतात ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. मोजा मनगटाकडून गुंडाळत आणायचा, आतली हवा बोटांकडे कोंडायची, फुगलेला मोजा कानाशी आणि गालाशी धरायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवेची सूक्ष्म झुळूक लागते. लागली की मोजा बाद. रबर चिरू नये म्हणून वरून चामड्याचा मोजा. किती व्होल्टला कुठला मोजा याची वर्गवारी वेगळी, साधारण 500 व्होल्टपासून 36,000 व्होल्टपर्यंत, आणि ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेत तपासणी. या सगळ्याला कोरडी जागा, उजेड आणि निवांत हात लागतात. फुटक्या काचा, वितळलेलं प्लास्टिक आणि तीनशे-चारशे अंशांच्या हवेत त्या रबराचं काय होईल?

साधन चांगलं असूनही धोका वाढतो, याचा दाखला दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. 1812 मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन 92 माणसं आणि पोरं मेली. तीन वर्षांत हंफ्री डेव्ही यांनी जाळीचा दिवा काढला, ज्याची ज्योत बाहेरचा वायू पेटवत नव्हती. दिवा खरोखरच हुशारीचा होता. झालं काय, तर वायूमुळे सोडून दिलेले भाग खाणमालकांनी दिव्याच्या भरवशावर पुन्हा खणायला काढले. हवा खेळती ठेवण्याचा खर्च लांबणीवर पडला आणि स्फोटांतली मरणं काही कमी झाली नाहीत. मला भीती आहे ती हीच. रबरी मोजे दिले की पुढच्या चित्रफितीखालचा प्रश्न असा असेल, ‘मोजे दिलेत ना, मग थांबलात कशाला?’

आता समोरच्यांचा सगळ्यात जड मुद्दा. आत माणूस अडकला असेल तर? तेव्हाही वायरमनची वाट बघत बसायचं? नाही. घराला आग लागली असेल आणि मेन स्विच हाताशी असेल, तर तो पाडणं हे जवानांचंच काम आहे, ते त्यांना शिकवलेलं असतं आणि ते करून ते आत जातात. मी म्हणतोय ती वाट बघणं वेगळं आहे. जिथे विजेचा उगम इमारतीबाहेर आहे, तार, ट्रान्सफॉर्मर, उपकेंद्र, अशा ठिकाणचं. तिथला एक प्रसंग घ्या. मोटारीवर तार पडलीय, आत दोघं जण बसलेत. ते आत बसून आहेत तोवर ठीक आहेत, कारण त्यांच्या अंगाला दोन वेगळी व्होल्टेज लागतच नाहीत. जो धावत जाऊन दाराला हात घालेल, तो मात्र एका हाताने गाडी आणि दोन पायांनी जमीन धरून उभा राहील, म्हणजे स्वतःच तार होईल. म्हणून जवान लांबून ओरडून सांगतात, ‘आतच बसा, कशालाही हात लावू नका.’ गाडी पेटलीच तर दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, गाडी आणि जमीन एकाच क्षणी शिवायची नाहीत. कॅमेऱ्यातून हे कसं दिसेल? आत माणसं आणि बाहेर जवान लांब उभे राहून नुसते ओरडताहेत. तरीही असे प्रसंग उरतातच की जिथे थांबलं तर आतला मरेल आणि गेलं तर जाणारा मरेल. तिथे अधिकाऱ्याने काय ठरवावं हे खुर्चीत बसून सांगण्याचा अधिकार मला नाही. मला एवढंच दिसतं की हा पेच जितकी मिनिटं टिकतो ती मिनिटं जवानाच्या हातात नसतात. वीज तोडणारा माणूस पाच मिनिटांत आला तर पेच पाच मिनिटांचा, पन्नास मिनिटांत आला तर पन्नास मिनिटांचा.

दुसरा मुद्दा जुन्या जवानांकडून येतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. ते म्हणतात, पाणी आणि वीज यांचा बाऊ केला जातो, आम्ही वर्षानुवर्षं मारत आलोय. त्यात तथ्य आहे. यूएलच्याच प्रयोगांत दिसलं की अखंड धार जराशी फवाऱ्याकडे वळवली, अगदी 10 अंशांचा शंकू केला, तरी नोझलपर्यंत येणारा करंट जाणवण्याच्या पातळीखाली जातो. 1000 व्होल्ट डीसीपासून 20 फूट लांब राहिलं तर तो 2 मिलिअँपिअरच्या आत राहतो. म्हणजे शाळेत शिकवतात तसं ‘विजेच्या आगीवर पाण्याचा थेंबही नको’ हे काही ब्रह्मवाक्य नाही. पण या आकड्यांच्या अटी वाचा. व्होल्टेज माहीत हवं, अंतर माहीत हवं, नोझल त्या कोनावरून हलता कामा नये, खारं पाणी चालणार नाही. आणि मारलेलं पाणी कुठेतरी साचतं. त्या डबक्यात तुटकी वायर पडलीय की नाही, हे धुरात कोण बघणार? प्रयोगशाळेत समोर किती व्होल्ट आहेत हे माहीत असतं. जळत्या इमारतीसमोर तेच माहीत नसतं, आणि ते सांगू शकणारा माणूस अजून रस्त्यात असतो.

मग जवानांनाच तारा तोडायला शिकवा, म्हणजे कुणाची वाट बघायला नको, असाही एक तोडगा सुचवला जातो. ऐकायला बरा आहे. पण चालू भारावर मीटर उपटला किंवा तार कापली तर तिथे आर्क, म्हणजे हवेतून उडणारा विजेचा लोळ, पेटू शकतो. त्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागालाही मागे टाकतं, आणि त्या क्षणी माणसाचं तोंड त्याच्यासमोर असतं. शिवाय तोडली म्हणजे बंद झाली, हे गृहीतच घातकी आहे. ऑक्टोबर 1889 मध्ये न्यूयॉर्कच्या भर रस्त्यात जॉन फीक्स नावाचा लाइनमन खांबावर चढला होता. ज्या तारांत तो काम करत होता त्या निरुपद्रवी समजल्या जात होत्या. पण दूर कुठेतरी त्यांतली एक उच्चदाबाच्या तारेला टेकलेली होती. दुपारच्या सुट्टीत बाहेर पडलेल्या हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचा देह कितीतरी वेळ तारांच्या जाळ्यात अडकून राहिला. फीक्स काही नवशिका नव्हता, त्याचा तो रोजचा धंदा होता. पण ‘बंद असेल’ आणि ‘बंद आहे’ यांतलं अंतर कसबाने भरून निघत नाही.

त्या अंतरासाठी विजेच्या धंद्यात एक शिस्त आहे, आणि लोकांना सगळ्यात जास्त चिडवते ती हीच. वायरमन येतो. लांब काठीवरचा टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून बघतो, वाजला. मग संशयित तारेला लावतो, वाजला नाही. इथे गर्दीला वाटतं, झालं काम. पण तो पुन्हा चालू ठिकाणी जातो आणि टेस्टर पुन्हा वाजवून बघतो, कारण मधल्या मिनिटभरात टेस्टरच बिघडला असेल तर? त्यानंतर तो तारांना जाड केबलने अर्थ करतो, म्हणजे कुठूनही, रिक्लोजरकडून किंवा कुणाच्या जनरेटरकडून, वीज परत आलीच तर ती जमिनीत जाईल. तेव्हा कुठे तो वळून अधिकाऱ्याला म्हणतो, ‘घ्या, बंद आहे.’ कुणीतरी नावानिशी उच्चारलेल्या या तीन शब्दांवर जवानाचा जीव टांगलेला असतो. कंट्रोल रूममधून फोनवर आलेलं ‘बंद केलंय हो’ हे त्या शब्दांना पर्याय होऊ शकत नाही. चुकीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी भलतीच वाहिनी, बंद झालेला असू शकतो, आणि ते फोनवर कुणालाच कळत नाही.

फीक्स गेला त्याच वर्षी जूनमध्ये आयर्लंडमधल्या आर्माजवळ चढावर आगगाडीचे सुटे केलेले डबे मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जण मेले, त्यांत सहलीला निघालेली मुलं बरीच. ब्रिटिश संसदेने तीन महिन्यांच्या आत कायदा करून सलग ब्रेक (सगळ्या डब्यांना एकदम लागणारे), ब्लॉक पद्धत (रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी) आणि सिग्नल-सांध्यांची परस्परांशी कुलूपबंदी सक्तीची केली. गार्डने अधिक दक्ष राहावं असं परिपत्रक काढूनही भागवता आलं असतं, पण तेवढ्यावर भागवलं नाही. न्यूयॉर्कमध्येही तसंच झालं. तारा जमिनीखाली नेण्याचा नियम आधीपासून होता, कंपन्यांनी तो कोर्टात अडकवून ठेवला होता. फीक्सनंतर दोन महिन्यांत धोकादायक तारांचे खांब कापायला सुरुवात झाली. दोन्हीकडे माणसाला धीट किंवा सावध करण्यापेक्षा त्याच्याभोवतीची रचना बदलण्यावर भर होता.

वीज तोडण्याचेही बळी असतात, हा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. लिफ्टमध्ये लोक अडकतात, धूर ओढणारे पंखे थांबतात, अग्निशमनाचा पंप बंद पडतो, कुणाच्या तरी उशाशी श्वासाचं यंत्र चालू असतं. सरसकट ‘पाडा मेन’ म्हणणारा अधिकारी एका जवानाला वाचवताना चार रहिवाशांना अंधारात आणि धुरात कोंडू शकतो. पण मग हा निर्णय आग लागल्यावर, रस्त्यात उभं राहून, आरडाओरड्यात का घ्यायचा? आगीसाठीचा पुरवठा वेगळ्या, आग सोसणाऱ्या केबलवर आहे का, कुठला स्विच काय बंद करतो, हे इमारत बांधतानाच ठरवून दारापाशी लिहून ठेवता येतं. ब्रिटनमध्ये इमारतींच्या बाहेरच्या निऑन पाट्यांसाठी हे करून झालंय. उच्चदाबावर चालणाऱ्या त्या पाट्यांना लाल रंगाचा ‘फायरमन्स स्विच’ लागतो, जमिनीपासून 2.75 मीटरच्या आत, आणि त्याची ‘बंद’ ही स्थिती वरच्या बाजूला. स्विच कुठल्या बाजूला ढकलायचा याचाही विचार जवानाला नजरेसमोर ठेवून केलाय. एका जाहिरातीच्या पाटीसाठी एवढं करता येतं, तर उपकेंद्र पोटात घेऊन उभ्या असलेल्या इमारतींसाठी का नाही?

छतावरच्या सौर पॅनेलांनी गोष्ट अवघड केलीय, कारण तिथे वायरमन येऊनही पुरत नाही. ऊन आहे तोवर पॅनेल वीज बनवतच राहतं, खालचा स्विच पाडला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतची वायर चालूच. यूएलला तर बंबाच्या दिव्यांच्या झोतातही धोका निर्माण होण्याइतकी वीज तयार होताना दिसली. 2013 मध्ये न्यू जर्सीतल्या एका मोठ्या गोदामाला आग लागली तेव्हा छतावर 7,000 हून जास्त पॅनेलं होती आणि धूर बाहेर काढायला छत फोडणं जवानांना शक्य झालं नाही. अमेरिकेच्या वीज-नियमावलीत 2014 पासून ‘रॅपिड शटडाउन’ आलं आणि 2017 मध्ये ते कडक झालं. त्यानुसार बटण दाबल्यावर 30 सेकंदांत पॅनेलांच्या आतल्या वायरींमधलंही व्होल्टेज 80 च्या खाली यायला हवं. उद्योगातल्या लोकांची तक्रार आहे की त्यासाठी छतावर शेकडो जादा जोड आणि उपकरणं येतात आणि सैल जोड हेच आगीचं एक कारण असतं. तक्रार खरी आहे. पण जोड चांगले करणं कारखान्याला आणि बसवणाऱ्याला शक्य आहे. छतावर चढलेल्या माणसाला सूर्य बंद करणं शक्य नाही.

आणि बॅटरीपुढे माझाही युक्तिवाद अपुरा पडतो, हे कबूल करायला हवं. एप्रिल 2019 मध्ये ॲरिझोनातल्या सरप्राइज गावी वीज साठवणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांच्या कोठीतून धूर यायला लागला. जवान घाईने आत घुसले नाहीत. त्यांनी बाहेर वायू मोजला, दोन तासांहून जास्त वेळ थांबले, आकडे उतरल्यावर दार उघडलं आणि काही मिनिटांत स्फोट झाला. चार जण गंभीर जखमी झाले. धाडस होतं, साधनं होती, संयमही होता. नव्हती ती माहिती, कारण आत ज्वलनशील वायू किती साचलाय हे सुरक्षित अंतरावरून कळण्याची सोयच त्या कोठीत ठेवलेली नव्हती. इथे तोडायला फीडर नाही आणि बोलवायला वायरमन नाही, सेलमधली वीज सेलमध्येच कोंडलेली असते आणि विझलेली बॅटरी काही तासांनी, काही दिवसांनी पुन्हा पेटू शकते. म्हणून आत माणूस नसेल तर बॅटरी जळू द्यायची, दार उघडायचं नाही, आजूबाजूचं तेवढं पाण्याने थंड ठेवायचं, असा सल्ला आता अनेक ठिकाणी दिला जातो. ते काम रात्रभरही चालतं. नळी ताठ, नोझल हातात, समोर आग, आणि जवान तिच्यावर पाणी न मारता भलत्याच भिंतीवर मारतोय. मागून कुणीतरी मोबाइल काढलेला असेलच.